तळघरातलं पाणी : एका पावसाळ्याच्या नोंदी

१८ जून २०२४, मंगळवार

सकाळी ही ज्वारी काढायला खाली गेली आणि जिन्यावरनंच ओरडली, "अहो, पोतं भिजलंय!" जाऊन बघतो तर न्हाणीच्या जाळीतून पाणी वर आलेलं, फरशीवर बोटभर साचलेलं. साबणाचा वास आणि वर तरंगणारी भाताची शितं. म्हणजे पाणी आपल्याच घरचं. रात्री पाऊस होता, पण फार नव्हे.

खालच्या खोलीतला बटणांचा बोर्ड जमिनीपासून जेमतेम हातभर वर. आधी मेन स्विच पाडला, मगच पाण्यात पाय घातला. तीन बादल्या उपसल्या. ज्वारी गच्चीवर नेली तर वर ऊन नाही, म्हणून बैठकीत चादरीवर पसरली. पाहुण्यांना बसायला जागा नाही.

एसटीच्या वर्कशॉपात एकतीस वर्षं काढली. तिथली सवय अशी की बिघाड आला की आधी तारीख, मग लक्षण, हात सगळ्यात शेवटी. म्हणून ही वही.

१९ जून, बुधवार

घराची मांडणी लिहून ठेवतो. येणारा प्रत्येक जण तीच विचारणार.

घर साताऱ्यात, अजिंक्यताऱ्याच्या उतारावर, समर्थ मंदिराच्या अलीकडच्या पेठेत. रस्ता दक्षिणेला, वरच्या अंगाला. रस्त्यावरनं आत आलं की बैठक, आणि तिथनं जिना उतरला की तळघर. दक्षिणेची भिंत पूर्ण डोंगरात गाडलेली. उत्तरेला मात्र दार आहे आणि दारापुढं मागचं अंगण. उतारावरच्या जुन्या घरांत हे नवं नाही. अर्धं घर जमिनीवर, अर्धं जमिनीत.

सांडपाण्याची वाट अशी : वरच्या न्हाणीघराचं आणि स्वयंपाकघराचं पाणी पूर्वेच्या भिंतीवरनं तीन इंची पाइपानं खाली गल्ली ट्रॅपमध्ये (वास अडवायला थोडं पाणी धरून ठेवणारं सांडपाण्याचं तोंड) येतं, तिथनं अंगणातल्या पहिल्या चेंबरात, म्हणजे झाकणाच्या तपासखड्ड्यात. तळघरातल्या न्हाणीची चार इंची नळी फरशीखालनं आणि उत्तरेच्या भिंतीखालनं त्याच चेंबरात जाते, लांबी ११ फूट. पहिल्या चेंबरापासून कंपाउंडजवळच्या दुसऱ्या चेंबरापर्यंत २२ फूट. पुढं खालच्या बोळातलं गटार. संडासाची सेप्टिक टाकी वेगळी, पश्चिमेला. तिचा या लाइनीशी संबंध नाही. जमिनीखालच्या सगळ्या नळ्या वडिलांनी १९७८ साली घातलेल्या, चिनी मातीच्या, सिमेंटनं सांधलेल्या.

ओल तीन ठिकाणी आहे. एक न्हाणी. दुसरी उत्तरेच्या भिंतीची पट्टी, दाराच्या उजव्या अंगाला. तिसरी दक्षिणेची भिंत. तिथं लोणा, म्हणजे क्षारांचा पांढरा थर, धरलाय आणि गिलावा फुगलाय. लोणा दर पावसाळ्यात असतोच म्हणून आजवर कुणी त्याच्याकडं बघितलं नाही.

२१ जून, शुक्रवार

दुकानातनं तुंबलेली नळी मोकळी करायची पावडर आणली. कॉस्टिक सोडा असतो तो. हातमोजे घालून टाकली, अर्धा तास थांबलो, पाणी ओतलं. न्हाणीनं ते गिळलं नाही, उलट फेस परत दिला.

मागनं ही ॲसिडची बाटली आणि ब्लीचिंग पावडरीचा डबा दोन्ही घेऊन आली. दोन्ही परत पाठवले. ती दोन एकत्र आली की क्लोरीन वायू निघतो, आणि तळघराला खिडकी एकच. कॉस्टिक पडलेल्या ठिकाणी ॲसिड तर नाहीच नाही, ते उसळून तोंडावर येतं. दोन दिवस न्हाणीला हात लावायचा नाही असं ठरलं.

२३ जून, रविवार

एक प्लंबर येऊन गेला. जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभा राहिला, खाली उतरलाच नाही. म्हणाला, "सगळी फरशी फोडावी लागंल. लाइन नवी टाकू, वरनं वॉटरप्रूफिंग मारू. पासष्ट हजार धरून चाला." मी विचारलं, पाणी येतंय कुठनं? म्हणाला, "ड्रेनेजचंच की."

शिवाय जाता जाता, "सेप्टिक टाकीबी बघू, एक पोरगं उतरवतो." त्याला तिथंच थांबवलं. टाकीत सल्फरचा वायू साठतो, दोन श्वासांत माणूस आडवा होतो. आणि २०१३ च्या कायद्यानं असं माणूस उतरवणं गुन्हा आहे. टाकी उपसायची झाली तर गाडी येते, माणूस उतरत नाही. त्याला चहा दिला आणि निरोप दिला.

शहाबादी फरशी आहे, वडिलांच्या हातची. गाडी गरम होते म्हटल्यावर कुणी लगेच हेड उघडत नाही, आधी पंख्याचा पट्टा बघतात. इथं पट्टा कुठला ते अजून कळलेलं नाही.

२५ जून, मंगळवार

निळीची चाचणी. कपड्याची नीळ, साधी.

सकाळी सातला वरच्या न्हाणीघरात तीन बादल्या पाण्यात नीळ कालवून एकदम ओतली. मी खाली न्हाणीपाशी घड्याळ घेऊन, ही वर. चौथ्या मिनिटाला न्हाणीच्या जाळीत निळं पाणी. म्हणजे चेंबर भरून मागं येतंय, यात शंका उरली नाही. उत्तरेच्या भिंतीशी पांढरा टिपकागद चिकटवून ठेवला होता. सव्वाआठला त्याच्या कडेला फिकट निळी रेघ दिसली, साडेआठला ठळक झाली. म्हणजे त्या बाजूला नळी कुठंतरी गळतेय.

दक्षिणेच्या भिंतीचा कागद ओला झाला, पण रात्रीपर्यंत पांढराच राहिला.

आतापर्यंत सगळे, मीसुद्धा, एकच पाणी समजत होतो.

२९ जून, शनिवार

घरच्या फिल्टरची सर्व्हिस करायला मुलगा येतो, त्याच्याकडनं टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं) दिवसभरासाठी मागून घेतलं. आकडे :

नळाचं पाणी (आमच्याकडं कासचं येतं) ६८. न्हाणीत वर आलेलं ४३०. उत्तरेच्या भिंतीशी साचलेलं ३९०. दक्षिणेच्या भिंतीवरनं ओघळलेलं २१०. गच्चीवर धरलेलं पावसाचं १८.

न्हाणीचं आणि उत्तरेचं सख्खे भाऊ. दक्षिणेचं वेगळ्या कुळातलं. भिंतीतले क्षार विरघळून त्याचा आकडा वाढला असणार, त्यामुळं २१० वर फार विसंबायचं नाही. पण त्याला साबणाचा वास नाही, फेस नाही, आणि निळीचा पुरावा आहेच. डोंगराचं पाणी. पावसात मुरतं, मुरुमातनं झिरपत खालच्या काळ्या खडकावर येतं, खडकात जाता येत नाही म्हणून आडवं सरकतं, आणि वाटेत आमची भिंत लागते.

१ जुलै, सोमवार

ओळखीच्या मिस्त्रींना फोन लावला. वारीला निघालेत. माउलींची पालखी लोणंदला आली की त्यांची दिंडी मिळणार, मग थेट पंढरपूर. "एकादस झाली की येतो तात्या. तवर कामट्या घाला, आन् दुसऱ्या चेंबरातनं घाला, वरनं न्हाय." का ते विचारायच्या आत फोन कट.

बुरूड आळीतनं बांबूच्या दोन लांब कामट्या आणल्या. दुसऱ्या चेंबरात वाकून वरच्या दिशेनं सारल्या. वरनं सारल्या असत्या तर गाळ पुढं दाबला जाऊन जास्त घट्ट बसला असता. खालनं सारल्यावर अडलेलं पाणीच जोर लावून गाळ बाहेर काढतं. मिस्त्रींचं बरोबर होतं.

नवव्या फुटावर कामटी अडली. पिळली, मागं-पुढं केली, आणि भसकन सुटलं. निघालं ते असं : मेणासारखा पांढरा तेलाचा थर, केसांचे गुंते, एक स्टीलचा चमचा (आईच्या काळातला, मागं नाव कोरलेलं), आणि तपकिरी दाढीसारख्या बारीक मुळ्या. मुळ्या बघून मान आपोआप कंपाउंडकडं वळली. शेजारच्या अण्णांच्या भिंतीलगत उंबर आहे.

न्हाणी मोकळी झाली. ही खूष. मी नाही, कारण उत्तरेची पट्टी ओलीच.

४ जुलै, गुरुवार

अण्णांकडनं लेव्हल पाइप आणला. पारदर्शक नळीत पाणी भरायचं, दोन टोकं दोन ठिकाणी धरायची. पाणी खोटं बोलत नाही. नळीत बुडबुडा राहिला तर मात्र बोलतं, म्हणून आधी सगळी हवा काढायची.

मापं : अंगण तळघराच्या फरशीपेक्षा १८ इंच उंच. पहिल्या चेंबराचा तळ अंगणापासून ३६ इंच खाली. म्हणजे तळघराची फरशी चेंबराच्या बरोबर मध्यावर येते. चेंबर निम्मं भरलं की पाणी न्हाणीतनं वर, आणि अंगणात झाकण कोरडं ठणठणीत. तुंबलेलं पाणी सगळ्यात खालचं तोंड शोधतं, आणि आमचं सगळ्यात खालचं तोंड ज्वारीच्या पोत्याशेजारी आहे.

हे पहिल्यापासून असं नव्हतं. ही म्हणाली, "थोरल्याच्या लग्नात मांडवासाठी अंगणात भराव टाकला नव्हता का?" टाकला होता. चार ट्रॉल्या मुरूम. चेंबराच्या भिंती विटांनी वर उचलल्या आणि झाकण वर बसवलं. त्या आधी चेंबर भरलं तर अंगणात वाहायचं आणि लगेच दिसायचं. भरावानं अंगण छान झालं आणि तळघर खड्ड्यात गेलं. लग्नाला कोण चेंबर बघतं!

दुसरं माप. दोन चेंबरांमधल्या २२ फुटांत ढाळ फक्त ३ इंच. चार इंची नळीला चाळीसास एक, म्हणजे इथं साडेसहा इंच असावा. मिस्त्री लोक फुटाला पाव इंच म्हणतात, त्या हिशोबानं साडेपाच. अजिंक्यताऱ्याच्या उतारावर घर आणि नळीला ढाळ नाही, हे कुणाला सांगितलं तर हसतील. १९७८ च्या गवंड्यानं नळी सपाट अंगणाला समांतर टाकली असणार. ढाळ कमी की पाणी सावकाश जातं, तेल आणि शितं मागं राहतात.

८ जुलै, सोमवार

दुपारी तीनला धो धो. वर कुणी नळ सोडलेला नाही, मी स्वतः बघितलं. तरी पाऊण तासात न्हाणीत पाणी! वास नाही, जवळजवळ स्वच्छ. मीटर परत दिलेलं, पण आकड्याची गरजच नव्हती.

छत्री घेऊन घराभोवती फिरलो. गच्चीचा पावसाचा पाइप पूर्वेच्या भिंतीवरनं उतरतो तो थेट गल्ली ट्रॅपमध्ये घुसवलेला. २०११ साली गच्चीला चायना चिप्स (टाइल्सच्या तुकड्यांची फरशी) केल्या तेव्हाचं काम. पाणी उघड्यावर पडून चिखल नको म्हणून मीच सांगितलं होतं. ही बाजूला उभी होती म्हणून हे वहीतच लिहितो.

हिशोब : गच्ची ९०० चौरस फूट, म्हणजे ८४ चौरस मीटरच्या आसपास. तासाला ३० मिलिमीटर पाऊस धरला तरी अडीच हजार लिटर पाणी. अडीच टाक्या, एका तासात, दोन बादल्यांसाठी टाकलेल्या अर्धवट तुंबलेल्या नळीत. नळी साफ असती आणि ढाळ असता तर कदाचित तिनं गिळलंही असतं.

लगेच शिडी लावून पाइप करवतीनं कापला, एक बेंड लावून तोंड अंगणातल्या उघड्या नालीकडं वळवलं. खर्च ऐंशी रुपये. न्हाणीतलं पाणी तासाभरात उतरलं.

१७ जुलै, बुधवार. आषाढी

काम बंद. उपास. वरीचे तांदूळ आणि दाण्याची आमटी.

२० जुलै, शनिवार

मिस्त्री आले. पंढरपूरचा बुक्का आणि चुरमुरे घेऊन. पाय सुजलेले, तरी वही मागितली आणि बसून सगळी वाचली. "तात्या, आता मला काय ठेवलंय करायला?"

मोबाइलला लावायचा कॅमेरा मागवला होता, १० मीटर वायरीचा. पहिल्या चेंबरातनं दुसऱ्याच्या दिशेनं सोडला. नऊ-दहा फुटांवर नळीचे दोन तुकडे एकमेकांवरनं सरकलेले, मधल्या फटीतनं मुळ्यांचा झुबका लोंबतोय. चिनी मातीची नळी शंभर वर्षं टिकेल, पण सांध्यातलं सिमेंट तडकतं. ओलावा बाहेर गेला की मुळांना पत्ता लागतो. फट केसाएवढी पुरते, आत आल्यावर मूळ जाड होतं आणि सांधा फाकवतं.

मिस्त्री म्हणाले, उंबर काढा. ही आतनं म्हणाली, "उंबर काढायचा नाही." दत्ताचं झाड. अण्णांचंही तेच मत. तर ठरलं असं की नवी नळी उंबरापासून पाच फूट सरकवून, सोल्युशननं चिकटवलेल्या सांध्यांची. झाडानं आपली जागा राखावी, आपण आपली.

न्हाणीच्या नळीत कॅमेरा घातला, पण आत इतका गाळ की चित्र म्हणजे चहा. गळती कुठं ते दिसलं नाही.

२२ जुलै, सोमवार

आजचं काम लिहायला मजा येतेय.

प्रश्न हा की उत्तरेच्या भिंतीशी दिसणारी गळती न्हाणीच्या ११ फुटी नळीत नेमकी कुठं? फरशीखाली असेल तर शहाबादी फोडावी लागणार, पासष्ट हजारवाला खरा ठरणार.

खेळाच्या दुकानातनं फुटबॉलचं ब्लॅडर आणलं, १२० रुपये. हवा काढून चेंबराच्या बाजूनं नळीच्या तोंडात घातलं, पंपानं फुगवलं. नळी बंद. वरनं न्हाणीच्या ट्रॅपमध्ये पाणी ओतत गेलो. चार इंची नळीत फुटाला अडीच लिटरच्या आसपास मावतं, ११ फुटांना २७. दोन बादल्यांत भरली. ट्रॅपच्या कडेला पेन्सिलची खूण केली आणि वीस मिनिटं बसलो. पाणी दोन इंच उतरलं. गळते.

मग ब्लॅडरमधली हवा सोडली, कामटीला बांधून चार फूट आत सारलं, परत फुगवलं. आता फक्त न्हाणीकडचे सात फूट तपासायचे. भरलं, खूण केली, वीस मिनिटं. पाणी जागचं हललं नाही. अर्धा तास. नाही हललं. मिस्त्रींनी तंबाखू मळायची थांबवली आणि वाकून बघितलं.

म्हणजे फरशीखालची नळी धडधाकट. गळती शेवटच्या चार फुटांत, भिंतीच्या खाली किंवा लगेच बाहेर. तिथं भिंत बसली तेव्हा सांधा खचला असणार. अंगणातनंच खणायचं, आत एकही फरशी हलवायची नाही.

हिला खाली बोलावून खूण दाखवली. ती म्हणाली, "पोराचं ब्लॅडर परत त्याला द्या." तिला वाटलं नातवाचं.

२५ जुलै, गुरुवार

झड. अंगणात घोटाभर पाणी. काम शक्यच नाही. न्हाणी कोरडी राहिली, ही आजची बातमी. दक्षिणेची भिंत मात्र रडतेय, आज ओघळ नाही तर धार.

२९ ते ३१ जुलै

उघडीप मिळाली. मिस्त्री आणि एक बिगारी. तीन दिवसांचं एकत्र लिहितो.

पहिल्या दिवशी अंगण खणलं. भराव कुदळीला मऊ, खालचा जुना मुरूम टणक. भिंतीलगतचा सांधा हाती आला; नळीचं तोंड अक्षरशः अर्धा इंच खाली बसलेलं, खालची माती वाहून पोकळ झालेली. या पोकळीतनंच पाणी भिंतीखालनं आत यायचं.

दुसऱ्या दिवशी दुसऱ्या चेंबराचा तळ ३ इंच खाली घेतला. गटार बरंच खाली असल्यानं तिथं अडचण नव्हती. आता २२ फुटांत ६ इंच, म्हणजे चव्वेचाळीसास एक. पाइप ११० मिलिमीटरचा, सांडपाण्याचा जाड प्रकार. चर वाळूच्या थरानं भरला आणि पाइप त्यावर सबंध टेकवला; नुसत्या विटांवर टेकवला की मध्ये झोळ पडतो. भिंतीखालच्या भागात एक इंच मोठी बाही ठेवून तिच्यातनं पाइप नेला, पुन्हा भिंत बसली तर भार बाहीवर येईल. चिनी माती ते पीव्हीसी हा जोड रबरी कपलरनं, वरनं स्टीलचे पट्टे. सिमेंट लावू दिलं नाही.

तिसरा दिवस वादाचा. मागं येणारं पाणी रोखणारा व्हॉल्व्ह लावायचा हे ठरलेलं. झडपेसारखा, पाणी बाहेर जाऊ देतो, आत येताना मिटतो. मिस्त्रींना तो दुसऱ्या चेंबराआधी, मुख्य लाइनीवर हवा होता. "गटारच मागं आलं तर समदं घर वाचंल." मी म्हटलं, झडप मिटली त्या वेळी वर कुणी अंघोळ केली तर ते पाणी जाणार कुठं? पहिलं चेंबर भरणार आणि परत तळघरात. आपल्याच पाण्यानं बुडणार. झडप फक्त न्हाणीच्या फाट्यावर पाहिजे, चेंबरात शिरायच्या अलीकडं. मिटलेली असताना तळघरात हात धुवायचा नाही, एवढंच बंधन. मिस्त्रींनी काडीनं मातीत चित्र काढलं, पुसलं, परत काढलं. मग म्हणाले, "बरूबर हाय."

झडपेवर छोटं विटांचं चेंबर आणि उचलता येणारं झाकण. गाडून टाकलेली झडप म्हणजे नसलेली झडप. एक केसांचा गुंता अडकला की ती उघडीच राहते.

२ ऑगस्ट, शुक्रवार

चर बुजवायच्या आधी परत ब्लॅडर, परत दोन बादल्या, परत पेन्सिल. अर्धा तास, खूण जागेवर. मग नीळ. पहिल्या चेंबरात ओतली आणि दुसऱ्यात बघितलं; दहा सेकंदांच्या आत. मिस्त्रींनी शिट्टी मारली.

५ ऑगस्ट, सोमवार

उत्तरेची पट्टी वाळतेय, हाताला गार लागते पण ओली नाही. न्हाणी चोख. आणि खोलीत पाणी आहेच. दक्षिणेची भिंत.

पासष्ट हजार देऊन सगळी लाइन बदलली असती तरी हे पाणी तसंच आलं असतं, आणि मी प्लंबरला शिव्या घालत बसलो असतो.

फुगलेला गिलावा छिन्नीनं उतरवायला घेतला. घडीव दगड, चुन्याचे सांधे. फरशीपासून दोन फुटांवर एका ठिकाणी दगड नाही, खापर लागलं. गोल. बोट आत गेलं आणि पाणी बोटावरनं मनगटावर आलं. उजेड कमी, मिस्त्री उद्या.

६ ऑगस्ट, मंगळवार

खापरी नळ! चार बोटं रुंद, तुकड्यात तुकडा घातलेला, चुन्यात बसवलेला. साताऱ्याच्या जुन्या पेठांत हौदांना डोंगरावरनं अशाच नळांनी पाणी यायचं. हा कुठल्या हौदाचा फाटा होता कोण जाणे. भिंत बांधताना तसाच गाडला गेला असावा. वरचं तोंड बंद असलं तरी वाटेतले सांधे मोकळे, त्यामुळं उतारातलं मुरलेलं पाणी गोळा करून तो अजून इमानानं चालू आहे. फक्त हौदाऐवजी आमच्या भिंतीत.

मिस्त्री वॉटरप्रूफ सिमेंटची पिशवी घेऊनच आले होते, बूच मारायला. मारू दिलं नाही. मारलं तर पाणी मागं तुंबणार, दगडामागं दाब वाढणार, आणि चार फूट पलीकडं नवं तोंड काढणार. येतंय तर येऊ दे, वाट आपण द्यायची.

बादली आणि घड्याळ लावलं. दहा लिटर भरायला चार मिनिटं दहा सेकंद. दिवसाला साडेतीन हजार लिटरच्या आत-बाहेर. आम्ही घरात एवढं वापरत नाही.

९ ऑगस्ट, शुक्रवार. नागपंचमी

मिस्त्री म्हणाले, आज जमिनीत कुदळ नाही. ही म्हणाली, छिन्नीसुद्धा नाही. पुरणाची दिंडं झाली, चारही जण जेवले.

१० ते १२ ऑगस्ट

खापराच्या तोंडात रबरी बाही घालून एक इंची पाइप जोडला. तोंड फरशीपासून २४ इंचांवर, अंगण १८ वर. सहा इंच हातात. भिंतीच्या कडेकडेनं २६ फूट नेऊन उत्तरेच्या भिंतीतनं बाहेर. बावन्नास एक ढाळ, स्वच्छ पाण्याला पुष्कळ. पंप नको, वीज नको. मोटर आणि फ्लोट स्विचची चौकशी करून ठेवली होती, ती रद्द. मध्ये एक टी (तीन तोंडांचा जोड) ठेवून बूच लावलं, गाळ बसला तर तार घालायला.

पाइपाचं तोंड सध्या पेरूच्या आळ्यात. जास्तीचं नालीत.

भिंतीला गिलावा लगेच करायचा नाही. चुन्याच्या जुन्या भिंतीवर सिमेंटचा घट्ट थर मारला की ओल कोंडते आणि लोणा वर चढतो. मिस्त्रींना हे पटलेलं नाही. भिंत उघडीच ठेवली आहे.

२० ऑगस्ट, मंगळवार

हिशोब. मिस्त्री सहा दिवस ६,०००, बिगारी ३,६००. पाइप आणि जोड ४,८५०. झडप १,९००. सिमेंट, वाळू, विटा, झाकणं ३,७००. कॅमेरा १,४००. ब्लॅडर १२०. एकूण २१,५७०. ज्वारीचं नुकसान धरलेलं नाही. ती जनावरांना गेली.

मुलाला पुण्याला आकडा कळवला. त्यानं विचारलं, वॉरंटी आहे का?

२६ सप्टेंबर, गुरुवार

पाऊस ओसरतोय. खापरी नळाची दहा लिटरची बादली आता चाळीस मिनिटांनी भरते.

झडपेचं झाकण उघडून बघितलं : एक नारळाच्या शेंड्यांचा पुंजका अडकलेला, तेवढ्यानं झडप पाव इंच उघडी. काढला, धुतली. हे दर दोन महिन्यांनी करावं लागणार. वरच्या मोरीला बारीक जाळी बसवली. नारळ सोलणारीला सांगून उपयोग नाही.

उन्हाळ्यात तळघरात कुजका वास यायचा त्याचाही उलगडा झाला. खालची न्हाणी महिनोन्‌महिने वापरात नसते, ट्रॅपमधलं दोन इंच पाणी वाळतं आणि चेंबराची हवा सरळ खोलीत. आठवड्याला एक तांब्या पाणी ओतायचं. शनिवारी, दिव्यात तेल घालताना.

लोणा अजून आहे, पण कोरडा; झाडूनं पडतो. ज्वारी खाली नेली, लाकडी फळीवर ठेवली. मिस्त्री दिवाळीनंतर चुन्याचा गिलावा करून बघू म्हणालेत.

लेव्हल पाइप अण्णांना परत द्यायचा राहिलाय.